ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला काहून चालत नाही?

"भाऊ, ट्रॅक्टरवर दणक्यात चालत होती, मंग इन्व्हर्टरवर चार महिन्यांत काहून बसली?" दर उन्हाळ्यात हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि तोवर एक चांगली बॅटरी वाया गेलेली असते. लोडशेडिंग सुरू झालं की ट्रॅक्टरची बॅटरी घरात येते, किंवा स्वस्त पडते म्हणून तसलीच नवी आणली जाते. दोन्हींवर 12 व्होल्ट लिहिलेलं, दोन्हींत शिसं आणि ॲसिड, म्हणून दोन्ही एकच, असं आपण धरून चालतो. हे ऐकून ऐकून मी थकलो आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी कास्तकाराला समजावून सांगायची गरज नाही. सेल्फ मारला की ती दोन-तीन सेकंद जोर लावते आणि मग डायनॅमो तिला भरत राहतो. फक्त एक हिशेब करून बघा. सेल्फ तीन सेकंद 250 अँपिअर ओढतो असं धरलं, तर खर्च होतो जेमतेम 0.2 अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास). 88 अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर पाव टक्काही उतरत नाही. म्हणजे ही बॅटरी जन्मभर भरलेलीच असते.

आता घरची रात्र घ्या. एक पंखा 70 वॅटचा, 9 वॅटचे दोन बल्ब, टीव्ही 60 चा. सगळे मिळून 150 वॅट. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून बॅटरीतून साधारण 15 अँपिअर जातात. चार तास लाइन गेली की 60 अँपिअर-तास संपले. त्याच 88 च्या बॅटरीचा दोन तृतीयांश भाग एका रात्रीत रिकामा, आणि उद्या पुन्हा तेच. खरा फरक इथे आहे: बॅटरी दर वेळी किती खोल उतरते. आकार, टर्मिनल, रंग, कंपनी या गोष्टींवर लोक तासभर बोलतात. त्यांना फार महत्त्व नाही.

खोल उतरल्यावर आत काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारच्या घरी वर्षभरही न टिकलेली एक बॅटरी हातमोजे घालून उघडली. प्रत्येक खणाच्या तळाशी बोटभर तपकिरी गाळ साचला होता. धन प्लेट उचलली तर शिशाची नुसती जाळी हातात आली, मधला मसाला, म्हणजे जाळीत भरलेला वीज साठवणारा लेप, गळून गेलेला. तो गाळ म्हणजेच तो मसाला. सेल्फच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, कारण एकदम मोठा करंट द्यायचा तर ॲसिडला जास्तीत जास्त पृष्ठभाग लागावा लागतो. पण बॅटरी उतरताना प्लेटेवर लेड सल्फेट तयार होतं आणि ते जास्त जागा घेतं. मसाला फुगतो, भरताना पुन्हा आक्रसतो. पाव टक्का उतरली तर त्याचं काही वाटत नाही. रोज साठ-सत्तर टक्के उतरली की मसाला सैल होतो आणि झडतो. जो झडला तो कोणत्याही चार्जरने परत चढत नाही.

इन्व्हर्टरला लागते ती ट्युब्युलर, म्हणजे नळ्यांच्या प्लेटांची बॅटरी. तिच्यात धन प्लेट वेगळी असते. शिशाच्या सळ्यांची रांग, प्रत्येक सळीभोवती विणलेल्या कापडाची नळी आणि त्या नळीत मसाला ठासलेला, खोळीत दाबून भरलेल्या कापसासारखा. तो फुगला-आक्रसला तरी जागा सोडत नाही. म्हणून ती रोज अर्धी उतरली तरी वर्षानुवर्षं टिकते. तिने सेल्फ मारून घेऊ नका. अडीअडचणीला चालेल, पण एवढ्या आकाराच्या मानाने ती तो जोर देत नाही. समुद्रात फिरणाऱ्या शिडाच्या बोटींवरही याच कारणाने इंजिनाची बॅटरी वेगळी आणि दिवे-पंख्यांची वेगळी ठेवतात.

दुकानात "इन्व्हर्टर बॅटरी" म्हटलं की समाधान मानू नका. साध्या चपट्या प्लेटांच्या बॅटरीवरही तेच लेबल असतं. ट्युब्युलर आहे का, हे नाव घेऊन विचारा. मग आकड्याशेजारी C10 आहे की C20 ते वाचा. C20 चे 150 म्हणजे 20 तास साडेसात अँपिअर. C10 चे 150 म्हणजे 10 तास 15 अँपिअर. जोरात काढलं की बॅटरी कमी देते, म्हणून C10 चे 150 देणारी बॅटरी खरोखर मोठी असते. मला एका दुकानदाराने "दोन्ही सेमच आहे" म्हणून C20 ची दिली होती. तेव्हापासून मी लेबल वाचल्याशिवाय पैसे काढत नाही.

पाण्याबद्दल मी कुणाचंच ऐकत नाही. डिस्टिल वॉटरच टाका. बोअरचं तर नाहीच, आरओचंही नको, त्यातही क्षार उरतात. वरून ॲसिड टाकणं तर बंदच करा. पाणी उडतं, ॲसिड आतच राहतं.

सोलरवर 150 ची बॅटरी आणि एकच 100 वॅटचं पॅनल, ही जोडी गावोगाव दिसते. ते पॅनल चांगल्या उन्हात साडेपाच अँपिअर देतं, पाच तासांत सत्तावीस-अठ्ठावीस. रात्री खर्च होतात 60. बॅटरी कधी भरतच नाही, अर्धवट पडून राहते आणि प्लेटांवरचं सल्फेट टणक होतं. श्रावणातल्या ढगांत तर विचारूच नका. एवढ्या खर्चाला किमान 250 ते 300 वॅट लावा. आणि बॅटरी टिनाच्या छपराखाली ठेवू नका. बॅटरीचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. उत्तरेकडची हवेशीर पडवी सगळ्यात बरी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीही नको.

मग ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीचं काय करायचं? ती वावरात न्या. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी झटका मशीन किती अँपिअर घेते ते तिच्यावर वाचा. पाव अँपिअर घेत असेल तर 12 तासांत 3 अँपिअर-तास जातात. 88 च्या बॅटरीतून हे साडेतीन टक्केही नाहीत, आणि दिवसा लहानसं पॅनल तेवढं सहज भरून काढतं. तिथे ती बॅटरी मी आनंदाने लावतो.