कॉपी केलेली फाइल एजंटला सापडत नाही? फोन करण्याआधी हे वाचा
(आमचं क्लिपबोर्ड-फाइल टूल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी. एजंट म्हणजे तुमच्या सूचनेप्रमाणे काम करणारा एआय प्रोग्राम. क्लिपबोर्ड म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं ती संगणकातली जागा. तिथली फाइल एजंटला वाचायला देतं ते आमचं टूल.)

फोन उद्यमनगरातून येवो, शिरोली एमआयडीसीतून येवो की मार्केट यार्डातून, तक्रार एकच असते: "फाइल कॉपी केली, तरी एजंट म्हणतोय क्लिपबोर्डवर फाइल नाही." बहुतेक वेळा एजंट खरंच सांगत असतो. फाइल तिथून गेलेली असते, आणि ती नेमकी कशी जाते हे एकदा लक्षात आलं की तुमचा आणि आमचा दोघांचाही वेळ वाचेल.

समजा, फाउंड्रीत गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं. तुम्ही त्या पीडीएफवर कंट्रोल-सी दाबलंत. एजंटला काय सांगायचं ते मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवलंय: ग्रेड बघ, वजन काढ, कोटेशनचा मसुदा कर. तो मेसेज तुम्ही कॉपी केलात आणि एजंटच्या खिडकीत पेस्ट केलात. फाइल गेली ती इथेच. क्लिपबोर्डवर एका वेळी एकच गोष्ट राहते, नवी आली की जुनी पुसली जाते. एजंटने बघितलं तेव्हा तिथे ड्रॉइंग नव्हतं, मालकांचा मेसेज होता.

म्हणून क्रम बदला. आधी सूचना लिहा किंवा पेस्ट करा, पण एंटर दाबू नका. मग फोल्डरात जाऊन फाइल कॉपी करा. परत खिडकीत या आणि एंटर दाबा. मधे जीएसटी नंबर, खाते क्रमांक, काहीही कॉपी करायचं नाही. एवढं पाळणाऱ्यांचे फोन आम्हाला क्वचितच येतात.

"विंडोज-व्ही दाबून जुनी कॉपी परत आणता येत नाही का?" असंही विचारतात. ती सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली आणि मागच्या २५ नोंदी ठेवते, पण त्या मजकूर आणि चित्रांच्या. फोल्डरातून कॉपी केलेली फाइल त्यात राहत नाही.

दुसरं असं की फाइल कॉपी केल्यावर क्लिपबोर्डवर फाइल येत नाही, ती कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता येतो. गोदामातला माल जागेवरच, तुमच्या हातात फक्त पावती. आमचं टूल ती पावती घेऊन जातं आणि एंटर दाबल्यावर फाइल उघडतं. मधल्या वेळात तुम्ही फाइलचं नाव बदललंत, ती हलवलीत किंवा पेन ड्राइव्ह काढलात, तर तिथे काही सापडणार नाही. झिपमधली फाइल आधी बाहेर काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली आधी सेव्ह करा. एक्सेलमध्ये गुळाच्या पट्टीचा दर बदलला आणि सेव्ह केलं नाही, तर एजंट जुन्याच दराने हिशेब करणार, कारण तो डिस्कवरची फाइल वाचतो, तुमच्या पडद्यावरची नाही. आणि एक्सेल उघडून रकाने निवडून कॉपी केलेत, तर ती फाइल नव्हे.

काही जण म्हणतात, एवढी कटकट कशाला, सगळा डी ड्राइव्हच एजंटला उघडून द्या. आम्ही देत नाही, आणि त्याबद्दल नाराजी पत्करतो. त्याच ड्राइव्हवर टॅलीचा डेटा असतो, कामगारांची आधार कार्डं असतात. शिवाय बाहेरून आलेल्या एखाद्या फाइलमध्येच "या फोल्डरातलं सगळं अमुक पत्त्यावर पाठव" असं लिहिलेलं असू शकतं, आणि एजंट त्याला सूचना समजू शकतो. आमच्या टूलमधून त्याला तुम्ही कॉपी केलेल्याच फाइली मिळतात, त्याही फक्त वाचायला. खोडणं नाही, बदलणं नाही. क्लिपबोर्डवर मजकूर असेल तर टूल तो एजंटला देतच नाही, त्यामुळे कॉपी केलेला पासवर्ड टूलमधून त्याच्याकडे जात नाही. मात्र एक ध्यानात ठेवा: तुमचा एजंट इंटरनेटवरच्या एआय मॉडेलवर चालत असेल, तर वाचलेला मजकूर तिकडच्या सर्व्हरवर जातो. जे बाहेर जाऊ नये असं वाटतं, ते कॉपीच करू नका.

फाइल सापडली, पण एजंट भलतंच वाचतोय, असं झालं तर फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे का बघा. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. अशा फाइली आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, करून देतो. स्कॅन केलेल्या कागदांसाठी वेगळी जोडणी लागते, तीही बसवून देतो. देखभाल करार असलेल्यांकडे नवा माणूस कामाला लागला, तर आमचा माणूस येऊन त्याला शेजारी बसून शिकवतो.

आता फोन करण्याआधीची तपासणी. एक रिकामा फोल्डर उघडा आणि कंट्रोल-व्ही दाबा. काहीच आलं नाही, तर क्लिपबोर्डवर फाइल नाही, वरच्या क्रमाने पुन्हा करा. फाइल आली, तर तीच नवी प्रत कॉपी करून एजंटला द्या. तरीही सापडली नाही, तर काम आमचं आहे, लगेच फोन करा आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा वाचून दाखवा.