तार गरम होते, सोल्डर लांबतो, आणि दोन्हीचा हिशोब एकच

सळया बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर वीतभर घ्या, एकाच जागी भराभर आठ-दहा वेळा इकडून तिकडे वाकवा आणि लगेच ती जागा ओठाला लावून बघा, बोटाला तेवढं कळत नाही. चांगली गरम लागते, तेव्हा जरा जपून. आता तेच प्रत्येक वाकानंतर अर्धा मिनिट थांबून करा, काहीच जाणवणार नाही. उष्णता साधारण तेवढीच तयार झाली, पण या वेळी तिला निघून जायला वेळ मिळाला.

ती उष्णता म्हणजे तुमच्याच हाताची मेहनत. टेलर आणि क्विनी या दोन संशोधकांनी 1934 मध्ये ती मोजली. धातूचा आकार कायमचा बदलायला जी ऊर्जा लागते तिच्यातली ढोबळमानाने 90 टक्के उष्णता होऊन जाते आणि उरलेली आतच अडकते. अणूंच्या रांगा सगळीकडे सरळ नसतात, मधेच एखादी रांग अर्ध्यावर संपलेली असते, त्या चुकीला डिसलोकेशन म्हणतात. वाकवलं की या चुका सरकतात, वाढतात, एकमेकींत गुंततात आणि तार कडक होते. पुण्यातले तांबट भांडं ठोकून ठोकून कडक झालं की भट्टीत लाल करून परत मऊ करून घेतात ना, तेव्हा हीच अडकलेली ऊर्जा मोकळी होते.

आता वेळेची भानगड. डिसलोकेशनला अडथळा ओलांडायचा असतो आणि अणूंची उष्णतेमुळे चाललेली थरथर तिला मागून ढकलत असते. थांबायला वेळ असेल तर कमी जोरातही काम होतं, घाई केली तर जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे वेग आणि तापमान हे दोन वेगळे विषय नाहीतच. सोल्डर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचे भाग जोडायला वितळवून लावतात तो मऊ धातू. जुना शिसं-कथिलाचा सोल्डर 183 अंशांना वितळतो, म्हणजे सगळ्यात थंड शक्य तापमानाला शून्य धरून मोजलं तर 456 केल्विन, आणि आपली खोली 300 केल्विन. बिचारा टेबलावर पडल्या पडल्याच वितळण्याच्या दोन तृतीयांश वाटेवर असतो! लोखंड त्याच खोलीत जेमतेम सहाव्या हिश्शावर, म्हणून ग्रिल वर्षानुवर्षं तशीच राहते. सोल्डरच्या तारेला जाड कुलूप लटकवून ठेवा, काही दिवसांत तार लांबलेली दिसेल, तीही कोणी हात न लावता.

धातू कसा वागेल याचं गणिती मॉडेल करणारे लोक हे सगळं जमाखर्चासारखं मांडतात. बाहेरून किती काम आलं, त्यातलं आत किती साठलं, आणि उरलं ते उष्णतेत वाया गेलं. उष्णता आणि कामाच्या शास्त्राचा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा, दुसरा नियम एवढंच बजावतो की हा वाया जाणारा आकडा कधीच उणे होता कामा नये. ऐकायला किरकोळ वाटतं पण कॉम्प्युटरवर भलतं समीकरण घातलं तर कागदावरची तार हवेतली उष्णता घेऊन आपोआप तुम्हाला काम करून द्यायला लागते, म्हणजे फुकटचं इंजिनच, आणि असली समीकरणं या चाळणीत तिथल्या तिथे बाद होतात.

सोल्डरसाठी सगळ्यात जास्त वापरतात त्यातलं एक मॉडेल ललित आनंद यांचं, आयआयटी खरगपूरला शिकलेले आणि एमआयटीत प्राध्यापक. 1985 मध्ये त्यांनी ते मांडलं ते तापवून दाबल्या जाणाऱ्या धातूंसाठी, सोल्डर तेव्हा डोक्यात नव्हता. मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे 'इथपर्यंत काही होत नाही, इथून पुढे वाकतं' अशी रेघच त्यात नाही. जोर कितीही कमी असू द्या, धातू सरकतोच, फक्त इतका हळू की कळत नाही. आणि आतल्या गुंत्याचा सगळा इतिहास एकाच आकड्यात धरलाय, धातू सध्या किती अडतोय एवढंच तो सांगतो.

मोबाईलमध्ये गेम खेळताना चिप तापते, नंतर गार होते, चिप आणि बोर्ड सारखे फुगत नाहीत आणि मधल्या सोल्डरच्या बारीक ठिपक्यांना दर वेळी थोडं सरकावं लागतं, त्यात खर्ची पडलेलं काम थोडं उष्णतेत जातं, थोडं गुंत्यात. किती वेळा तापून-गार झाल्यावर ठिपक्याला तडा जाईल, हे फोन बाजारात यायच्या आधीच असल्या मॉडेलवर चालवून बघतात.