कोर्स कुणी सोडला होता?

सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय झाला, की शेजारीपाजारी हमखास विचारतात, "कोर्स अर्धवट सोडला होता का?" हा प्रश्न नसतो, आरोप असतो. मागे विड्या वळणाऱ्या एका बाईंनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवून मलाच विचारलं, "मला याआधी टीबीच झाला नव्हता, मग सोडू काय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आधी जंतूचं गणित पाहू. टीबीचा जंतू फार सुस्त. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण 20 तास लागतात. दर वेळी तो आपल्या जनुकांची नक्कल काढतो आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. यंत्रमागावर हजारो टॉवेल विणले, तर एखाद्यात तार चुकतेच ना, तसंच. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची नेहमीची दोन मुख्य औषधं. अशा चुकीमुळे दहा लाखांत एखादा जंतू आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिनला पुरून उरतो, तेही औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच. फुफ्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात जंतू दहा कोटींच्याही वर असू शकतात. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, हे मूठभर उरतात आणि सगळं रान त्यांचंच होतं. दोन्ही औषधांना एकदम चकवणारा मात्र शंभर लाख कोटींत एखादा. म्हणून गोळ्या एकत्र घ्यायच्या.

हे शहाणपण ठेच लागूनच आलं. 1947 मध्ये ब्रिटनमध्ये 55 रुग्णांना एकटं स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं. पहिले काही महिने जादू वाटावी असा गुण आला. मग बहुतेकांच्या जंतूंनी औषधाला जुमानणं सोडलं आणि पाच वर्षांनी, नुसती विश्रांती घेतलेल्यांपेक्षा त्यांची गत फारशी बरी राहिली नव्हती. त्यांच्यापैकी कुणी कोर्स सोडला नव्हता, हे विशेष.

कोर्स अर्धवट राहिला की प्रतिकार वाढतो, हे खोटं नाही. पण औषध अपुरं पडण्याला रुग्णाचा आळस हे एकच कारण नसतं. डॉक्टरचं चुकीचं प्रिस्क्रिप्शन असतं, दवाखान्यातला संपलेला साठा असतो. आणि प्रतिकारक जंतू एकदा तयार झाला की तो खोकल्यातून, हवेतून थेट दुसऱ्याच्या छातीत जातो. आज जगात एमडीआर होणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना जंतू असा आयताच मिळतो, असं संशोधकांची गणितं सांगतात. दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी या खेड्यातला अहवाल 2006 मध्ये छापून आला, तेव्हा अनेक औषधांना न जुमानणाऱ्या एक्सडीआर टीबीचे 53 रुग्ण त्यात होते. 52 दगावले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आयुष्यात टीबीची गोळी घेतलेली नव्हती. बऱ्याच जणांना हा जंतू रुग्णालयातच चिकटला असावा.

जगाचं चित्र तसं अगदीच काळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नव्या टीबी रुग्णांतलं एमडीआर प्रकाराचं प्रमाण 2015 मध्ये 4 टक्के होतं, ते 2023 मध्ये 3.2 टक्क्यांवर आलं. आधी उपचार घेतलेल्यांत मात्र ते अजून 16 टक्के आहे. 2023 मध्ये सुमारे 4 लाख लोकांना हा आजार झाला, त्यांतले 27 टक्के भारतातले. उपचारापर्यंत पोचले ते निम्म्याहून कमी. मला यातला हा शेवटचा आकडा सर्वांत जास्त टोचतो, कारण न पोचलेला प्रत्येक जण खोकतच असतो.

औषधांनी मात्र मोठी मजल मारली आहे. पूर्वी दीड-दोन वर्षं गोळ्या आणि शिवाय महिनोन्‌महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. त्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. 2012 मध्ये अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली, आणि आता त्याच्या जोडीला प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा, बिनइंजेक्शनचा कोर्स आहे. भारताने तो 2024 मध्ये स्वीकारला. बेकाबू जंतू ओळखायलाही जनुकीय चाचणीला जेमतेम दोन तास लागतात. अर्थात बेडाक्विलिनलाही चकवणारे जंतू आता सापडू लागलेत. तार चुकायची थांबत नाही.

आणि हवा? यंत्रमागाच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून ओलावा धरायचा, त्यासाठी खिडक्या बंद. विड्या वळताना सुपातली तंबाखू उडू नये म्हणून पंखा बंद. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच माणसं. त्या बाईंच्या घरी गेलो, तेव्हा पंखा बंदच होता. मी काही बोलण्याआधी त्यांच्या सुनेने खिडकीची फळी उघडली आणि सूप उचलून दाराबाहेर, ओट्यावर नेऊन ठेवलं.