‘ओके.’ मधला पूर्णविराम

‘उद्या यायला जमणार नाही रे.’ पलीकडून उत्तर येतं, ‘ओके.’ तो चिडलाय की नुसता घाईत आहे? चौदा-पंधरा वर्षांची मुलं असा एक शब्द तासभर उलटून-पालटून पाहत बसतात आणि मोठ्यांना तो खुळेपणा वाटतो. पण त्यांना जे जाणवतं, ते खरं आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, की वाचणाऱ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटत होतं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं, तर मात्र काही फरक पडत नव्हता.

बोलताना अर्थाचा मोठा भाग आवाजाच्या चढउतारात, चेहऱ्यावर आणि मधल्या थांबण्यात असतो. मेसेजमध्ये तो गळून पडतो आणि रिकामी जागा वाचणारा आपल्या मनःस्थितीप्रमाणे भरतो. लिहिणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्याला स्वतःचा सूर मनात ऐकू येत असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ईमेलवरच्या प्रयोगांत, आपला उपरोध वाचणाऱ्याला नक्की कळेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्याहून फारसे बरे नव्हते. म्हणून थट्टा, नाराजी आणि माफी या गोष्टी टाइप करू नयेत. व्हॉइस मेसेज पाठवावा किंवा सरळ फोन करावा.

हीच उणीव लाजऱ्या मुलांच्या पथ्यावर पडते. समोर कुणी बघत नसतं, वाक्य खोडून पुन्हा लिहिता येतं, त्यामुळे तोंडावर न निघणारी गोष्ट लिहून सांगता येते. नेदरलँड्समधल्या वाल्केनबर्ग आणि पीटर यांच्या अभ्यासांत, ओळखीच्याच मित्रांशी असं मोकळेपणाने बोलणाऱ्या मुलांची मैत्री अधिक घट्ट असल्याचं दिसलं. हा फायदा खरा आहे आणि पालकांनी तो हलक्यात घेऊ नये. शुद्धलेखन बिघडेल ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे: ब्रिटनमधल्या अभ्यासांत इंग्रजी मेसेजमध्ये शब्दांची मोडतोड करणारी मुलं वाचनात मागे नव्हती.

खरं नुकसान होतं ते झोपेचं. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. पण याच वयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा वाढतं आणि शाळेची वेळ काही बदलत नाही. त्यात डोळ्यांसमोरचा उजेड मेलाटोनिनला आणखी दाबतो. त्याहून मोठा त्रास वाट पाहण्याचा असतो. तीस जणांच्या ग्रुपवर बाकीच्या २९ जणांनी चार-चार मेसेज टाकले, की फोन ११६ वेळा थरथरतो. तो उघडला नाही तरी लक्ष उडतंच. नुसत्या नोटिफिकेशननेही एकाग्रतेच्या कामात चुका वाढतात, हे प्रयोगांत दिसलं आहे.

उपाय साधा आहे: झोपण्याच्या तासभर आधी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. हा बेत फसतो तो गजरामुळे, कारण गजरासाठी म्हणून फोन पुन्हा उशाशी येतो. त्यासाठी वेगळं घड्याळ घ्यावं. ग्रुप म्यूट करावेत. व्हॉट्सॲपवर ‘लास्ट सीन’ आणि निळ्या टिका बंद करता येतात आणि ‘वाचूनही उत्तर दिलं नाहीस’ ही भांडणं कमी होतात. ग्रुपमध्ये मात्र निळ्या टिका बंद होत नाहीत, हे मुलांना सांगून ठेवावं.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. वाटेत ते कुणी वाचू शकत नाही, पण पलीकडच्या माणसाला स्क्रीनशॉट घेण्यापासून कुणी अडवत नाही. ‘एकदाच पाहा’ म्हणून पाठवलेल्या फोटोचाही दुसऱ्या फोनने फोटो काढता येतो.

कुणी त्रास देत असेल, तर मुलं घाबरून आधी चॅट पुसून टाकतात आणि पुरावाच जातो. आधी नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखवावेत. मग रिपोर्ट आणि ब्लॉक करावं. रिपोर्ट केल्यावर त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे ५ मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात. ब्लॉक केल्याची सूचना समोरच्याला जात नाही. अशा वेळी मोठ्यांनी शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नये. फोन गेला की मित्रांचा आधारही तुटतो आणि पुढच्या वेळी मूल काही सांगतच नाही.