बाळ परक्याला घाबरतंय की आई गेली म्हणून रडतंय?

आखाजीला लेक दहा महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी येते. मामा हौसेने हात पुढे करतो आणि बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसून किंचाळतं. पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत तेच बाळ सव्वा वर्षाचं होतं. आता आई शेताकडे निघाली की रोज न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीच्या कडेवरही ते आकांत करतं. घरात दोन्ही वेळा एकच निदान होतं: लाडावलंय, नाहीतर नजर लागली. मीठमोहरी उतरवल्याने बिघडत काही नाही, पण ही दोन रडणी वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिली परक्याची भीती, दुसरी दुराव्याची चिंता. ओळखायची खूण सोपी आहे. रडणं सुरू झालं तेव्हा आई कुठे होती ते आठवा. आईच्या कडेवर असूनही रडलं, तर समोरचा माणूस खुपला. माणूस ओळखीचा आहे, पण आई उंबऱ्याबाहेर पडली म्हणून रडलं, तर तो दुरावा.

परक्याची भीती साधारण सहा ते आठ महिन्यांत दिसू लागते, वर्षाच्या आसपास जोरात असते आणि दुसरं वर्ष सरता सरता बरीच ओसरते. दुराव्याची चिंता थोडी मागून येते. आठव्या-नवव्या महिन्यात सुरुवात, सव्वा ते दीड वर्षाला कळस, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत उतार. मधले बरेच महिने दोन्ही एकत्र नांदतात, म्हणूनच घोटाळा होतो.

मुळं मात्र निराळी. परक्याला घाबरण्यासाठी बाळाच्या डोक्यात ओळखीचे चेहरे पक्के बसलेले असावे लागतात. ‘माणसं ओळखायला लागलं’ असं आज्या म्हणतात ते अगदी बरोबर आहे. दुराव्यासाठी आणखी एक समज लागते: दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी याला वस्तुस्थायित्व म्हटलं. बाळाच्या देखत वाटी फडक्याखाली झाका. पाच महिन्यांचं बाळ ती शोधत नाही, नऊ-दहा महिन्यांचं फडकं ओढतं. आई आहे हे आता त्याला कळतं, पण ती कधी परत येणार हे कळायला लागणारी काळाची समज अजून नसते. रडणं या फटीतलं आहे.

उपायांत चुका होतात त्या इथे. परक्याच्या भीतीत बदलायचं असतं ते पाहुण्याने. सुरतेला कामाला असलेला बाप चार महिन्यांनी घरी येतो, बाळावर झेप घेतो आणि बाळ किंचाळलं की हिरमुसतो. बाळाने त्याला नाकारलेलं नाही. इतक्या दिवसांत तो चेहरा पुसट झालाय, एवढंच. त्याने आधी खाटेवर बसावं. उभा उंच माणूस, थेट रोखलेली नजर आणि झपकन आलेला हात या तिन्हींनी भीती वाढते. दहा मिनिटं बाळाकडे न बघता आईशी बोलावं. आईचा चेहरा सैल दिसला की बाळही सैलावतं, कारण या वयात ते आधी तिच्या तोंडाकडे बघून अंदाज घेतं. मग खुळखुळा जमिनीवर सरकवावा आणि बाळाला स्वतः येऊ द्यावं. कानबाईच्या रोटांना भाऊकी जमते तेव्हा बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरवलं जातं. ते टाळलं तर कोणी रुसणार नाही. रुसलंच तर रुसू द्या.

दुराव्यात मात्र बाळाला कडेवर कोण घेतं हा प्रश्नच नाही, आई कशी निघते हा आहे. सर्वात मोठी चूक म्हणजे मागच्या दाराने गुपचूप सटकणं. रडणं वाचतं, पण आई कधीही गायब होऊ शकते हे बाळ शिकतं आणि दुसऱ्या दिवसापासून पदर सोडत नाही. सांगून जा, ठरावीक एकाच वाक्यात, आणि निरोप अर्ध्या मिनिटात आटपा. दारातून तीनदा परत आलात तर रडण्याने आई परत येते हे पक्कं होतं. वेचणी सुरू होण्याआधी आठवडाभर दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास अशी सवय लावा. आईचं न धुतलेलं जुनं लुगडं जवळ ठेवलं तर काही बाळं त्यावर शांत होतात.

अंगणवाडीच्या पहिल्या दिवशी दोन्ही एकदम येतात: बाई अनोळखी आणि आई निघालेली. तेव्हा आधी दोन-तीन दिवस आईने सोबत बसून बाईंची ओळख होऊ द्यावी, निघणं त्यानंतर.

आई-बाळाचं नातं तपासणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रसिद्ध प्रयोगात हेच दोन धागे सुटे केलेले दिसतात. साधारण वर्ष-दीड वर्षाचं बाळ, आठ टप्पे, बहुतेक टप्पे तीन-तीन मिनिटांचे. एकात आई असताना परकी बाई येते, एकात बाळ अगदी एकटं असतं. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर ते तिच्याकडे कसं जातं याला निष्कर्षात जास्त वजन होतं.

शाळेच्या वयातलं मूल चार आठवड्यांहून जास्त काळ आई नजरेआड होऊ देत नसेल, शाळेच्या वेळी रोज पोट दुखत असेल, एकटं झोपत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. दुराव्याचा हा त्रास मोठ्या माणसांनाही होऊ शकतो; तिथे निदानासाठी साधारण सहा महिन्यांची मुदत धरतात. उलट एकत्र कुटुंबात दहा हातांत वाढलेलं बाळ परक्याला फारसं घाबरलं नाही, तर तेवढ्यावरून काळजीचं कारण नाही. मात्र त्यासोबत नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर तपासणी हवी.

वेचणीहून आल्यावर आईला बघून बाळ पुन्हा रडतं, तेव्हा ‘दिवसभर गप्प होतं, तुला बघून नाटक करतं’ असं आजीला वाटतं. नाटक नाही ते. दाबून धरलेलं आईपाशी मोकळं होतं. फवारणी झालेल्या शेतातून आला असाल तर आधी कपडे बदला, हातपाय धुवा, मग बाळाला घेऊन दहा मिनिटं बसा. भाकरी त्यानंतर टाका.