गंडमचा हात अडतोय? जोर लावण्याआधी हे वाचा

गंडम म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतला रोबो, आणि त्याची घरी जोडून बनवायची प्लास्टिक किटं मिळतात. आमच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या या किटांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: खांदा तुटला. तुटण्याची रीतही ठरलेली. मालिकेत रोबो दोन्ही हातांनी तलवार पार डोक्यामागे नेतो, घरच्या किटचा हात मात्र कानाशी येऊन अडतो. मग ‘थोडंसंच राहिलंय’ म्हणत जोर लावला जातो आणि आतली खुंटी कट्‌कन मोडते. किटमध्ये दोष नसतो. खांद्यावरच्या चौकोनी चिलखताचा कोपरा डोक्याला टेकला की हात तिथेच थांबणार.

मग मालिकेत कसं जमतं, हा पुढचा प्रश्न. तिथे अडवायला काही नसतंच. अ‍ॅनिमेटर चिलखत हळूच बाजूला सरकवतो, दंड लांबवतो, पाय वर घेताना कमरेची पट्टी सरळ वाकवतो आणि चित्र इतक्या झटकन पुढे जातं की आपल्याला पत्ता लागत नाही. १९७४ च्या ‘गेटर रोबो’ मालिकेत तर तीन विमानं एकमेकांत घुसतात आणि हातपाय आतून उगवतात. तसं खेळणं हुबेहूब बनवणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांनी ‘कॉम्बॅटलर व्ही’ आला. त्यातली पाच वाहनं पोपी कंपनीच्या खेळण्यातही खरोखर जोडता येत. जे पडद्यावर, तेच मुलांच्या हातात, हा आग्रह तिथून पक्का होत गेला.

ज्या आरएक्स-७८-२ पासून, म्हणजे पहिल्या मालिकेतल्या गंडमपासून, आपल्यापैकी बरेच जण सुरुवात करतात, तो याच ओढाताणीतून आला. १९७९ च्या मालिकेचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांना युद्धातलं यंत्र हवं होतं, तर प्रायोजक क्लोव्हर ही खेळणी कंपनी. म्हणून रणगाड्याच्या रंगाऐवजी पांढऱ्यावर लाल, निळा, पिवळा. डिझाइन कुनिओ ओकावारा यांचं. हा माणूस स्वतः लाकडाचे नमुने करून सांधे आणि घड्या तपासणारा, पण त्यांचं चित्र शेवटी पडद्यासाठीच होतं. बांदाई कंपनीने १९८० मध्ये पहिलं १/१४४ मापाचं (रोबोच्या उंचीच्या १४४ पट लहान) किट काढलं, किंमत ३०० येन. ते डिंकाने चिकटवावं लागे आणि हालचाल बेताचीच. आज तुम्हाला बिनडिंकाचं, गुडघा दुमडणारं किट मिळतं, ते पुढच्या चाळीस वर्षांच्या कामामुळे. तरी अठरा मीटरचा रोबो साडेबारा सेंटिमीटरमध्ये बसवला की खांद्याच्या खुंटीला जाडी ती किती मिळणार!

‘व्हाल्किरी विमान होते, मग माझा एचजी झेटा का होत नाही?’ हेही रोजचंच. (झेटा हा विमान होणारा गंडम, आणि एचजी म्हणजे ‘हाय ग्रेड’, बांदाईची लहान किटं.) ‘मॅक्रॉस’ मालिकेतली व्हाल्किरी (१९८२) डिझायनर शोजी कावामोरी यांनी एफ-१४ या लढाऊ विमानावरून घेतली, आणि कावामोरी रोबोचं रूपांतर लेगोचे ठोकळे जोडून जुळवतात. त्यामुळे ती खेळण्यातही उलगडली. त्याच खेळण्याने पुढे ट्रान्सफॉर्मर्समध्ये जेटफायर म्हणून दुसरा जन्म घेतला. एचजी झेटाला विमान करायचं तर काही भाग काढून दुसरे बसवावे लागतात. भाग न बदलता पूर्ण रूपांतर हवं असेल तर एमजी, म्हणजे ‘मास्टर ग्रेड’चं मोठं किट घ्या. महाग आहे, पण ज्याला रूपांतरच हवंय त्याला आम्ही एचजी विकत नाही. आठवड्याने तोच डबा परत येतो.

आता हवी ती पोज कशी आणायची ते. आधी खांदा पुढे ओढून बघा. नव्या बहुतेक किटांत तो थोडा बाहेर येतो आणि मग हात वर जातो. पाय उचलत नसेल तर कमरेच्या पुढच्या दोन पट्ट्या बघा. अनेक एचजी किटांत त्या मधल्या बारीक दांडीने जोडलेल्या असतात. दांडी मधोमध कापली की दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या हलतात. कापताना धारदार निपर (किटचे भाग कापायची छोटी पक्कड) वापरा, नखं काढायचं कटर नको. हिंमत होत नसेल तर दुकानात आणा, आमच्याकडून घेतलेल्या किटला हे फुकट करून देतो.

तलवार अंगावर येतेय असा पोस्टरवरचा फोटो हवा असेल तर किट पिळू नका. चित्रकार तिथे तलवारीचं टोक मुद्दाम अवाढव्य काढतात. मोबाइल वाइडवर ठेवून टोकाजवळ न्या, कॅमेरा खाली धरा, झालं काम.

आणि स्टँड घ्या. ‘विकायला सांगताय’ असं तोंडावर म्हणणारेही आहेत, त्यांना आम्ही योकोहामाचा फोटो दाखवतो. तिथे डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ अठरा मीटरचा हलणारा गंडम उभा होता. सुमारे पंचवीस टनांचा तो रोबो पाय उचलायचा, गुडघ्यावर बसायचा, पण कमरेला मागून आधार कायम. खुद्द जपानी इंजिनिअरांनी स्टँड लावला, तर आपल्या कपाटातल्या गंडमला लावण्यात कमीपणा कसला?

सैल झालेल्या सांध्यात फेविक्विक भरू नका. सांधा जाम होतो, पुढच्या खेपेला खुंटी मोडते आणि मग आम्हालाही काढता येत नाही. जोराने मोडलेला भाग आम्ही बदलून देत नाही, याचा राग येतो हे माहीत आहे. पण सुटा भाग इथे सहज मिळत नाही. एका खुंटीसाठी अख्खी फ्रेम (सगळे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) मागवायची म्हणजे दीड-दोन महिने सहज जातात. त्यापेक्षा दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून पितळी तार घालतो, ते जास्त टिकतं. दर काउंटरवर लावले आहेत.

येताना मोडलेले दोन्ही तुकडे आणि मॅन्युअल आणा. मॅन्युअल हरवलं असेल तर निदान डबा, म्हणजे कुठली आवृत्ती ते कळेल.