मूलपेशी प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्तीची पुनर्घडण

रक्ताचा कर्करोग, थॅलसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, जन्मतःच प्रतिकारशक्ती नसणे अशा आजारांत रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा बहुधा तीव्र औषधांनी, कधी किरणांनी रिकामी करतात आणि तिथे निरोगी मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या पेशी, रुजवतात. वॉर्डात याला सगळे बोन मॅरो ट्रान्सप्लांट किंवा नुसते ‘बीएमटी’ म्हणतात. मग पेशी मज्जेतून काढलेल्या असोत, दात्याच्या शिरेतून गोळा केलेल्या असोत की नाळेच्या रक्तातल्या असोत. जुनी मज्जा जाते तेव्हा रुग्णाने जन्मापासून कमावलेली प्रतिकारशक्तीही तिच्याबरोबर जाते. येऊन गेलेल्या कांजिण्यांची ओळख, गोवराच्या लसीची ओळख, बरेच काही पुसले जाते. नवी प्रतिकारशक्ती दात्याच्या पेशींतून, पण रुग्णाच्या शरीरात उभी राहायची असते. ती कोणत्या क्रमाने उभी राहते, कुठे अडते आणि तिला हातभार लावता येतो का, हा इथे मांडलेल्या संशोधनाचा विषय. रुग्णाच्याच पेशी त्याला परत दिल्या तर वाट हीच, पण पुष्कळ सोपी. म्हणून इथे मुख्यतः दुसऱ्या दात्याच्या पेशींविषयी लिहिले आहे.

काउंट येणे

प्रत्यारोपणात शस्त्रक्रिया नसते. रक्त चढवावे तशी पेशींची पिशवी छातीजवळच्या नळीतून चढवतात. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर त्यांना जपण्यासाठी घातलेल्या रसायनाचा लसणासारखा वास दिवसभर खोलीत राहतो. हा ‘डे झीरो’. रक्तात सोडलेल्या मूलपेशी आपली आपण मज्जेपर्यंत पोहोचतात. मग रोज पहाटे रक्त काढले जाते आणि सोबत राहिलेले नातेवाईक वहीत आकडे लिहीत बसतात. पांढऱ्या पेशी हजारांच्या हिशेबात ०.१, म्हणजे मायक्रोलिटरला शंभर, दुसऱ्या दिवशी ०.१, तिसऱ्या दिवशीही ०.१. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल पेशी एका मायक्रोलिटरला ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिल्या, की त्यांतला पहिला दिवस पेशी रुजल्याचा दिवस धरतात. शिरेतून घेतलेल्या पेशींना यासाठी साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, नाळेच्या रक्ताला महिनाभर. ‘काउंट आले’ हे शब्द कानावर पडतात तेव्हा घरच्यांच्या जिवात जीव येतो, आणि तो यायलाच हवा.

मात्र काउंट येणे म्हणजे प्रतिकारशक्ती येणे नव्हे. या क्षेत्रातले बहुतेक संशोधन या दोहोंमधल्या अंतराचे आहे. न्यूट्रोफिल जीवाणूंना आणि बुरशीला अडवतात. त्यांच्यामागून, पहिल्या महिनाभरातच, विषाणूंनी बाधित पेशींना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी येतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना अनेक महिने लागतात, आणि त्या आल्या तरी नवजात बाळाच्या बी पेशींसारख्या कोऱ्या असतात. प्रतिपिंडेही बाळात येतात त्याच क्रमाने येतात : आधी आयजीएम, मग आयजीजी, सगळ्यांत शेवटी आयजीए. विशिष्ट शत्रू ओळखून लढणाऱ्या टी पेशी सर्वांत मागे राहतात. त्यांतल्या सीडी ४, म्हणजे इतर पेशींना चेतवणाऱ्या, पेशींचा आकडा २०० च्या वर जायला प्रौढ रुग्णाला अनेकदा सहा महिने ते वर्ष लागते, काहींना त्याहून अधिक. बाधित पेशींना मारणाऱ्या सीडी ८ टी पेशी आधी वाढतात, म्हणून निरोगी माणसात सीडी ४ जास्त आणि सीडी ८ कमी असे जे प्रमाण असते ते इथे उलटे झालेले दिसते.

संसर्गही याच क्रमाने येतात. पहिल्या महिन्यात जीवाणू, कँडिडा बुरशी आणि तोंड सोलून काढणारा हर्पिस. त्यानंतर शंभराव्या दिवसापर्यंत सायटोमेगॅलोव्हायरस आणि अ‍ॅडिनोव्हायरस हे विषाणू आणि अ‍ॅस्परजिलस ही बुरशी. शंभर दिवसांनंतर, घरी परतल्यावर, नागीण आणि न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस जीवाणू. काउंट चांगले असलेला माणूस सातव्या महिन्यात न्यूमोनियाने आजारी पडतो तेव्हा घरच्यांना उलगडा होत नाही. त्याच्या न्यूट्रोफिल पेशी ठीक असतात. त्या जीवाणूवर बसणारे प्रतिपिंड अजून तयार झालेले नसते.

यौवनलोपी ग्रंथी

टी पेशी दोन वाटांनी येतात. दात्याच्या पिशवीतून आलेल्या तयार टी पेशी रिकाम्या शरीरात भराभर विभागतात, ही पहिली वाट. टी पेशी नसल्यामुळे इंटरल्यूकिन ७ आणि १५ हे संदेशवाहक खर्च न होता साचलेले असतात. त्यांच्यावर या पेशी पोसल्या जातात. आकडा वाढतो, पण मूळच्या थोड्याच पेशींची ही पिलावळ असल्यामुळे त्यांना ओळखता येणारे शत्रूही थोडेच असतात. दुसरी वाट लांबची. नव्या मूलपेशींपासून झालेल्या कच्च्या पेशी मज्जेतून निघून उरोस्थीमागच्या थायमस या ग्रंथीत जातात, तिथे तावूनसुलाखून निघतात आणि मग रक्तात येतात. हरतऱ्हेचे शत्रू ओळखणारा ताफा याच वाटेने येतो.

थायमसला मराठीत यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. तारुण्याबरोबर लोपत जाणारी ग्रंथी या अर्थाचा हा शब्द तिची सगळी अडचण सांगतो. लहान मुलात ती भरलेली असते, वयाबरोबर तिच्यात चरबी भरत जाते. म्हणून आठ वर्षांच्या मुलीच्या टी पेशी परत येतात त्या वेगाने तिच्या पन्नाशीतल्या आजोबांच्या येत नाहीत. शिवाय आधीची औषधे आणि किरणे थायमसलाही भाजून काढतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटल्या, म्हणजे ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट विकार झाला, तर तिचे आणखी नुकसान होते. या ग्रंथीला काही काम असते हेच १९६१ पर्यंत कुणाला माहीत नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि त्यांची प्रतिकारशक्ती उभीच राहिली नाही. प्रौढ वयात ती निकामी असते हा समज त्यानंतरही टिकला. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना तशाच शस्त्रक्रियेत ती न काढलेल्यांशी केली. पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात ८.१ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के निघाले. प्रत्यारोपणाच्या अभ्यासकांनी हा आकडा मनावर घेतला यात नवल नाही.

मोजायचे कसे

फ्लो सायटोमीटरमध्ये रक्तातल्या पेशींना रंगीत प्रतिपिंडे चिकटवून त्यांना एकामागून एक लेझरपुढून नेतात. कोणत्या जातीच्या किती पेशी आहेत ते काही मिनिटांत कळते. टी पेशी नवी की जुन्याचीच पिलावळ, हे मात्र नुसत्या मोजणीने कळत नाही. त्यावरचा तोडगा फार सुंदर आहे. थायमसमध्ये टी पेशी आपला ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे शत्रू ओळखणारा भाग, घडवते तेव्हा जनुकाचे तुकडे कापून जोडते. शिंप्याने कापड बेतल्यावर कतरण उरते तसा मधला डीएनएचा तुकडा उरतो, आणि त्याचे टोक टोकाला जुळून लहानसे कडे बनते. या कड्याला ट्रेक म्हणतात. पेशी विभागली तरी कड्याची नक्कल होत नाही; ते दोघींपैकी एकीकडेच जाते. म्हणून रक्तात कडी भरपूर असली तर थायमस काम करते आहे, आणि टी पेशी पुष्कळ पण कडी विरळ असली तर जुन्याच पेशी वाढल्या आहेत. १९९८ मध्ये डॅनियल ड्यूएक आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी मांडली. पुढे नवजात बाळांची जन्मजात प्रतिकारहीनतेसाठी तपासणी याच कड्यांवरून होऊ लागली. तिची सुरुवात २००८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झाली. आता टी पेशींच्या ग्राहकांची जनुकक्रमवारी वाचून ताफ्यात किती तऱ्हा आहेत हेही मोजतात.

मूळच्या किती मूलपेशी रुजतात याचे उत्तर अलीकडचे आहे. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दहा भावंड-जोड्या तपासल्या. एकाने दुसऱ्याला पेशी देऊन ९ ते ३१ वर्षे झालेली होती. पेशींमध्ये आयुष्यभर साठत जाणाऱ्या उत्परिवर्तनांवरून वंशावळ मांडली, तेव्हा तरुण दात्यांच्या ५,००० ते ३०,००० मूलपेशी रुजून अजून रक्त बनवत असल्याचा अंदाज निघाला. वयस्क दात्यांच्या बाबतीत तो १,००० ते ३,००० होता.

हातभार

१९५७ मध्ये अमेरिकन डॉक्टर डॉनल थॉमस यांनी माणसाला शिरेतून मज्जा देण्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले, १९६८ मध्ये जन्मजात प्रतिकारहीन मुलाला भावंडाची मज्जा यशस्वीपणे दिली गेली, आणि १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळाले. त्या साऱ्या काळात पेशी रुजवणे आणि त्यांना रुग्णावर उलटू न देणे हाच मुख्य झगडा होता. उलटू नये म्हणून दिलेली औषधे टी पेशींनाच मारतात, ही इथली मोठी ओढाताण. अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन हे त्यांतले जुने औषध. ते अंगात जास्त काळ उरले तर नव्या टी पेशीही मरतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथल्या बालरोग गटाने यावर बारकाईने काम केले. शंभर दिवसांच्या आत सीडी ४ पेशी दोनदा ५० च्या वर दिसल्या तर मूल वाचण्याची शक्यता वाढते हे त्यांनी दाखवले, आणि नुसत्या वजनावर ठरणारा डोस सोडून प्रत्येक मुलाची पेशीसंख्याही पाहून तो बेतायला घेतला. माझ्या मते या क्षेत्रातले हे सर्वांत उपयोगी काम आहे, कारण त्याला नवे औषध लागत नाही. ऊती अर्ध्याच जुळणाऱ्या दात्यासाठी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुळलेली पद्धत वेगळी : प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन उसळलेल्या टी पेशीच निवडून मारायच्या.

विषाणूंपुरती प्रतिकारशक्ती उसनीही आणता येते. दात्याच्या सायटोमेगॅलोव्हायरस ओळखणाऱ्या टी पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला देण्याचे पहिले काम सिअ‍ॅटलमध्ये १९९२ च्या सुमारास झाले. २०१७ पासून या विषाणूला आधीच रोखणारे लेटरमोव्हिर हे औषध उपलब्ध आहे. थायमसला चेतवण्यासाठी इंटरल्यूकिन ७ चे प्रयोग माणसात झाले. टी पेशी वाढल्या, पण ते रोजच्या उपचारात आलेले नाही. आतड्यातल्या जीवाणूंकडेही आता लक्ष गेले आहे. न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबुर्ग आणि साप्पोरो या चार ठिकाणच्या १,३६२ रुग्णांच्या शौचाचे ८,७६७ नमुने तपासले, तेव्हा जीवाणूंची विविधता कमी असलेल्यांत मृत्यू जास्त दिसले. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात

भारतातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. त्या संस्थेचा प्रत्यारोपण विभाग आज नवी मुंबईत खारघरला आहे. इथले प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांत पुरेसे सापडत नाहीत. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात सायटोमेगॅलोव्हायरस आधीपासून दबा धरून असतो, त्यामुळे तो नसलेला दाता शोधण्याला फारसा अर्थ उरत नाही. क्षयाचे तसेच. बीसीजी तर जन्मतःच टोचली जाते. प्रतिकारहीन बाळाच्या दंडात ते जिवंत जंतू मूकपणे पडून असतात. प्रत्यारोपणानंतर काही आठवड्यांनी दंडावरची खूण लाल होते, सुजते, काखेत गाठ येते. आईवडील घाबरतात. बहुधा ती नव्या टी पेशींची पहिली हालचाल असते, पण जंतू अंगभर पसरत नाहीत ना हे तपासावे लागते आणि क्षयाची औषधेही द्यावी लागतात.

लसी पुन्हा घ्याव्या लागतात, बाळाला देतात तशाच. न्यूमोकॉकसची लस तीन ते सहा महिन्यांत सुरू होते, मग घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओची टोचायची लस, कावीळ ब. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस जिवंत असल्यामुळे ती दोन वर्षांआधी देत नाहीत. त्यानंतरही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झालेली असावी लागतात आणि दात्याच्या पेशींचा विकार चालू नसावा लागतो. बीसीजी पुन्हा देत नाहीत. तोवर घरातल्या इतरांनी आपल्या लसी पूर्ण ठेवायच्या, कारण रुग्णाभोवतीचे कुंपण तेवढे तेच असते.